अब्बांची चाल आणि एका सेकंदाचा हिशेब

आपाच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं आणि घरात पहिली आठवण निघाली ती आपाच्या स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटची. १९९३ सालची कॅसेट. अब्बा १९९९ साली अल्लाहला प्यारे झाले. त्यांचे फोटो घरात आठ-दहा असतील, पण हलते-चालते अब्बा आमच्याकडे फक्त या एका कॅसेटमध्ये आहेत. व्हीसीआर बिघडून कित्येक वर्षं झाली होती. म्हणून कॅसेट एका दुकानात दिली, पेन ड्राइव्हवर करून आणली आणि रविवारी मगरिबनंतर सगळे टीव्हीसमोर बसलो.

कॅसेटच्या शेवटी रुखसतीचा प्रसंग आहे. मंडपातून अब्बा गाडीपर्यंत चालत येतात, डाव्या हाताने टोपी सारखी करतात, ड्रायव्हरला काही सांगतात आणि परत फिरतात. सगळं मिळून चाळीसएक पावलं. अब्बा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. तिथेच गुडघ्याला मार लागल्यामुळे त्यांचा डावा पाय जमिनीला किंचित घासत यायचा. पण चाल भराभर. मोहल्ल्याच्या टोकाला ते वळले की लोक चेहरा दिसण्याआधी चालीवरून ओळखायचे.

माझा सहावीतला मुलगा पडद्याकडे बघत म्हणाला, "अम्मी, नानांना नीट चालता येत नव्हतं का?"

मी काही बोलायच्या आत माझी अम्मी म्हणाली, "हे असे चालत नव्हते ते." थोड्या वेळाने, "माझीच नजर गेली असेल आता," असं म्हणून ती उठून आत गेली.

तिची नजर गेलेली नव्हती. मलाही काहीतरी खटकत होतं. अब्बांचा चेहरा बरोबर होता, शेरवानी बरोबर होती, मागच्या भिंतीवरचा चुन्याचा डागसुद्धा ओळखीचा होता. फक्त चाल त्यांची नव्हती. पाय घासत येण्याऐवजी अडकत, हिसके देत येत होता. कॅसेटमधले अब्बा खऱ्या अब्बांपेक्षा जास्त लंगडत होते. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, कॅसेट तीस वर्षांची आहे. जेवढं आहे तेवढंच येणार."

मी भाषा शिकवणारी बाई. कॅमेऱ्यातलं मला काही कळत नाही. पण शेर वाचताना ठहराव चुकला तर एकही शब्द न बदलता शेर बिघडतो, हे मी रोज वर्गात बघते. इथेही तसंच काहीतरी झालं असावं असं वाटलं. म्हणून शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना गाठलं, आणि पुण्यात व्हिडिओ एडिटिंगचं काम करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. त्या दोघांकडून जे समजलं, ते या वेळच्या सदरात सांगते. कारण अशी कॅसेट तुमच्याही कपाटात असेल, आणि लग्नं तर प्रत्येक घरात आहेतच.

काहीच हलत नाही, तरी हलतं

पहिली गोष्ट अशी की व्हिडिओमध्ये खरं तर काहीच हलत नसतं. एकामागून एक स्थिर चित्रं दाखवली जातात. अशा एका चित्राला फ्रेम म्हणतात, आणि एका सेकंदात किती चित्रं दाखवली जातात त्या आकड्याला फ्रेम रेट.

दहावीच्या विज्ञानात ‘दृष्टिसातत्य’ हा शब्द आहे. डोळ्यावर पडलेलं चित्र नाहीसं झालं तरी त्याचा ठसा सेकंदाच्या सोळाव्या भागाइतका टिकतो, म्हणून चित्रं जोडलेली दिसतात, असं आपण सगळेच शिकलो. सर म्हणाले की हे बरोबर आहे, पण अपुरं आहे. ठसा टिकल्यामुळे फार तर चित्रांमधला अंधार दिसणार नाही. हालचाल मात्र मेंदू तयार करतो. उरुसात दर्ग्यावर चालती रोषणाई लावतात ती आठवा. दिवा कमानीवरून धावतो आहे असं दिसतं, पण एकही बल्ब जागचा हलत नाही. एक विझतो, शेजारचा लागतो, आणि मधला प्रवास आपला मेंदू भरून काढतो. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली नेमक्या याच गोष्टीवर प्रयोग करून शोधनिबंध लिहिला होता.

म्हणजे चित्रं कॅमेऱ्याची आणि मधली हालचाल आपल्या मनाची. पण मनाला ती नीट भरता यावी म्हणून चित्रं पुरेशी हवीत आणि सारख्या अंतराने यायला हवीत. यातलं एक जरी बिघडलं की चाल बिघडते.

हे वर्गात करून पाहायचं ठरवलं. मुलांना जुन्या वहीचे कोपरे वापरायला सांगितले. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक माणूस, प्रत्येक पानावर पाऊल थोडं पुढे. पंचवीस पानं झाली. अंगठ्याने भराभर पानं सोडली की माणूस चालू लागला, आणि मुलं खूश. मग मी सांगितलं, आता प्रत्येक पाचव्या पानानंतर त्याच चित्राचं आणखी एक पान घाला. पानं वाढून तीस झाली. पुन्हा सोडली, तर माणूस थबकत, ठेचकाळत चालू लागला. चित्रं वाढली होती, कमी झाली नव्हती. शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "टीचर, याच्या पायात काटा गेलाय!"

अब्बांच्या चालीला काय झालं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. पण हे तीस आणि पंचवीस आले कुठून, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

चोवीस कुठून आले?

फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी १८९५ साली पॅरिसमध्ये तिकीट लावून चलच्चित्रं दाखवली. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, ती मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये आली. त्यांचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालायचा. सेकंदाला साधारण सोळा चित्रं. हात थकला की वेग कमी, उत्साह आला की जास्त. मूकपटांच्या सगळ्या काळात वेग असाच कमी-जास्त होत राहिला.

जुन्या मूक फितींमधली माणसं तुरुतुरु, बाहुल्यांसारखी पळताना दिसतात, त्याचं कारण यातच आहे. ती माणसं तशी चालत नव्हती. सोळाच्या वेगाने घेतलेली फीत चोवीसच्या वेगाने दाखवली तर सगळं दीडपट जलद होतं. मैयत असो की मोर्चा, बघणाऱ्याला हसू येतं. शंभर वर्षांपूर्वीची माणसं आपल्याला थोडी विनोदी वाटत आली, त्यात या चुकीच्या वेगाचा वाटा मोठा आहे.

मग बोलपट आले. आपल्याकडचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये लागला. आवाज आल्याबरोबर दांड्याची मनमानी संपली. चित्राचा वेग थोडा बदलला तर डोळा माफ करतो, पण आवाजाचा वेग बदलला की कान लगेच तक्रार करतो. गाणं सुरातून घसरतं. म्हणून एकच पक्का वेग ठरवावा लागला, आणि अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस सेकंदाला २४ चित्रं हा आकडा पक्का झाला. वेग यापेक्षा कमी ठेवला तर आवाज खराब येई. जास्त ठेवला तर फिल्म जास्त लागे, आणि फिल्म महाग होती. चोवीसच्या हिशेबानेसुद्धा मिनिटाला ९० फूट फिल्म जाते. तीन तासांचा हिंदी सिनेमा म्हणजे १६,२०० फूट! तेव्हा २४ हा आकडा डोळ्याच्या कुठल्या नियमातून आलेला नाही. आवाज आणि पैसा यांच्यात झालेली ती तडजोड आहे.

चोवीस चित्रं ही हालचालीच्या मानाने कमीच. म्हणून सिनेमावाल्यांनी दोन युक्त्या केल्या. पहिली प्रोजेक्टरमध्ये. तिथे प्रत्येक चित्र पडद्यावर एकदा न दाखवता झडपेने मध्ये अंधार करून दोनदा किंवा तीनदा दाखवतात. चित्रं चोवीसच, पण लुकलुक सेकंदाला ४८ किंवा ७२ वेळा, त्यामुळे पडदा फडफडताना दिसत नाही.

दुसरी युक्ती कॅमेऱ्यात. प्रत्येक चित्र घेताना कॅमेऱ्याची झडप, म्हणजे शटर, थोडा वेळ उघडी असते. तेवढ्या वेळात हात हलला तर चित्रात हात थोडा पुसट उमटतो. एका फोटोत हा दोष वाटतो, पण चित्रं एकामागून एक चालू लागली की हाच पुसटपणा एका चित्राला पुढच्याशी सांधतो. सिनेमात साधारण पद्धत अशी की एका चित्राला जेवढा वेळ मिळतो, त्याच्या निम्मा वेळ शटर उघडं ठेवायचं. चोवीसला सेकंदाचा ४८ वा भाग. शटर यापेक्षा फारच कमी वेळ उघडलं तर प्रत्येक चित्र सुरीने कापल्यासारखं स्पष्ट येतं आणि हालचाल टकटक तुटते. ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ या १९९८ च्या चित्रपटात लढाईचे प्रसंग मुद्दाम असे घेतले आहेत, म्हणून ते अंगावर येतात. पण भर दुपारच्या उन्हात मोबाइलने मुलांच्या धावण्याच्या शर्यतीचा व्हिडिओ घेतला की तोही असाच तुटक दिसतो, तिथे कोणाचा हेतू नसतो. ऊन जास्त असतं, म्हणून फोन आपणहून शटर फार कमी वेळ उघडतो.

जुन्या सिनेमात टांगा पळत असतो आणि चाकं उलटी फिरताना दिसतात, हा खेळही याच हिशेबाचा. एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत चाक फिरून एक आरा जवळजवळ पुढच्या आऱ्याच्या जागी येतो, पण थोडा मागे राहतो. आरे सगळे सारखेच. मनाला वाटतं, तोच आरा जरा मागे सरकला.

कॅसेटमधले पन्नास

टीव्हीचा हिशेब वेगळा. तो ठरला विजेवर. युरोपात आणि आपल्याकडे घरात येणारी वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, अमेरिकेत ६० ची. सुरुवातीच्या टीव्हीत चित्राचा वेग विजेशी जुळला नाही तर पडद्यावर पट्टे सरकायचे. म्हणून आपल्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, तर अमेरिकेत ३० च्या आसपास. आपल्याकडे रंगीत टीव्ही १९८२ साली आला तो ‘पाल’ नावाच्या पद्धतीने, पंचवीसचा.

पण ही पंचवीस चित्रं एकसंध नव्हती. टीव्हीचं चित्र आडव्या रेघांचं असतं. आधी एकाआड एक अशा निम्म्या रेघा काढायच्या, मग राहिलेल्या निम्म्या. अशा अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला ५० फील्ड. आता यातली खरी गोम अशी की व्हिडिओ कॅमेऱ्यात एका चित्राची ही दोन अर्धुकं एकाच क्षणाची नसतात. पहिलं अर्धुक घेतल्यावर सेकंदाचा पन्नासावा भाग जातो, तेवढ्यात पाय थोडा पुढे सरकलेला असतो, मग दुसरं अर्धुक. म्हणजे चित्रं पंचवीस म्हटली तरी हालचालीचे क्षण पन्नास.

लहानपणी दूरदर्शनवर बातम्या संपून सिनेमा लागला की बाहेरच्या खोलीतून नुसती नजर टाकली तरी कळायचं, सिनेमा आहे. का कळायचं ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. बातम्या आणि क्रिकेटचा सामना सेकंदाला पन्नास क्षणांचा, म्हणून ‘आत्ता समोर घडतंय’ असा वाटायचा. सिनेमा पंचवीस क्षणांचा, म्हणून ‘गोष्ट’ वाटायचा. (चोवीसचा सिनेमा पंचवीसने दाखवायचे, त्यामुळे अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपायचा, हा आणखी एक हिशेब!)

ही सवय इतकी पक्की आहे की २०१२ साली पीटर जॅक्सन यांनी ‘द हॉबिट’ सेकंदाला ४८ चित्रांनी घेऊन दाखवला, तेव्हा पुष्कळ प्रेक्षक बिचकले. हालचाल जास्त खरी होती, पण लोकांना ती टीव्हीवरच्या मालिकेसारखी वाटली; राजवाडा राजवाडा न वाटता सेट वाटू लागला. आज नव्या टीव्हीवर जुना सिनेमा ‘फारच गुळगुळीत’ दिसतो तेही यामुळेच. टीव्ही दोन चित्रांच्या मधे स्वतः बनवलेली चित्रं भरत असतो. सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करण्याचा पर्याय असतो, तो बंद केला की सिनेमा पुन्हा सिनेमा होतो.

आता आपाच्या कॅसेटकडे येऊ. ज्यांनी नव्वदच्या दशकातली लग्नं पाहिली आहेत त्यांना खांद्यावर कॅमेरा घेतलेला व्हिडिओवाला आणि त्याच्यामागे डोळे दिपवणारा दिवा धरून फिरणारा पोरगा आठवत असेल. तो कॅमेरा सेकंदाला पन्नास फील्ड घेत होता. व्हीएचएस कॅसेटच्या फितीवर प्रत्येक फील्डची एक तिरकी रेघ उमटते. व्हीसीआरमधला गोल ड्रम सेकंदाला २५ वेळा फिरतो, त्यावरची दोन हेड आळीपाळीने एकेक रेघ वाचतात. म्हणजे अब्बांच्या चालीचे प्रत्येक सेकंदाचे पन्नास क्षण त्या फितीवर होते.

विद्यार्थ्याने पेन ड्राइव्हवरची फाइल उघडून पाहिली आणि फोनवरच हिशेब मांडला. "टीचर, दुकानात दोन गोष्टी झाल्या. कॉम्प्युटरवर दोन अर्धी चित्रं एकत्र दिसली की हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा येतात. त्या नकोत म्हणून त्यांनी दर दोनातलं एक अर्धुक टाकूनच दिलं. पन्नास क्षणांचे पंचवीस झाले. आणि त्यांच्या मशीनवर आधीपासून तीसचं सेटिंग असणार. पंचवीसचे तीस करायला प्रत्येक पाचवं चित्र दोनदा घातलं गेलं. म्हणजे सेकंदाला पाच हिसके."

मी मनातल्या मनात मोजलं. अब्बांची सेकंदाला दोन पावलं. प्रत्येक पावलाला दोन-तीन हिसके. ज्याचा पाय सरळ उचलला जातो त्याच्या चालीत ते कदाचित लपले असते. पण अब्बांचा पाय घासत, एका लयीत पुढे यायचा. त्या लयीतच हिसके बसले आणि त्यांचं लंगडणं दुप्पट झालं. एक चुकीचं सेटिंग, आणि नातवाच्या मनात नानांची ओळख ‘ज्यांना नीट चालता येत नव्हतं ते’ अशी झाली. अम्मी चाळीसएक पावलांत जे ओळखून उठली, ते आम्हा सगळ्यांना समजायला महिना लागला.

"टीचर, कॅसेट फेकली नाही ना?" विद्यार्थ्याने विचारलं.

खरं सांगते, फेकणार होते. पेन ड्राइव्ह झाला, आता ही अडगळ कशाला, असं म्हणून ती रद्दीच्या पिशवीजवळ ठेवलीही होती. अम्मीने उचलून पुन्हा कपाटात ठेवली होती.

कॅसेट पुण्याला गेली. फितीला कडेने थोडी बुरशी होती, ती त्याने साफ केली. मग पन्नासच्या पन्नास फील्ड उतरवून घेतली आणि टाकून न देता प्रत्येक अर्धुकाच्या मधल्या रेघा भरून त्याचं पूर्ण चित्र केलं. सेकंदाला पन्नास चित्रांची फाइल. ती आधीच्या फाइलपेक्षा मोठी झाली. चेहरे काही जास्त स्पष्ट झाले नाहीत. व्हीएचएसमध्ये जेवढं आहे तेवढंच. पण अब्बा मंडपातून निघाले आणि पाय घासत, भराभर गाडीपर्यंत आले.

अम्मी या वेळी उठली नाही. अब्बांनी टोपी सारखी केली तेव्हा म्हणाली, "ही सवयच होती त्यांची. टोपी सरळ असली तरी." मग, "पुन्हा लाव." तिसऱ्यांदा लावल्यावर माझा मुलगा उठला आणि डावा पाय थोडा घासत खोलीभर चालून आला. मी रागावणार होते, पण अम्मी हसत होती. "तसं नाही," ती म्हणाली, "आणखी भराभर."

लग्नाचं शूटिंग ठरवताना

आता आपाच्या मुलीच्या लग्नासाठी व्हिडिओवाला ठरवायचा आहे. देगी किती, मंडप केवढा, हे आपण चार-चार वेळा बोलतो. व्हिडिओवाल्याशी मात्र फक्त पैशांचं बोलणं होतं. या वेळी मी त्याच्याकडे काय मागायचं ते लिहून काढलं आहे. तुमच्याही कामी येईल.

पहिलं, वेग. सबंध समारंभ, म्हणजे निकाह, खुतबा, दुआ, भेटीगाठी, हे २५ किंवा ५० वर घ्या. २५ वर सिनेमासारखं दिसेल, ५० वर जुन्या कॅसेटसारखं समोर घडल्यासारखं. दोन्ही चांगलं, मात्र एकच ठरवा आणि सगळ्या कॅमेऱ्यांवर तेच ठेवा. एक २५ वर आणि दुसरा ३० वर घेतला की जोडताना कोणाच्या तरी पायात काटा जाणार.

दुसरं, दिवे. आपल्याकडची वीज ५० आवर्तनांची, त्यामुळे ट्यूब आणि पुष्कळसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतं. मोबाइल बहुधा ३० वर असतो. त्यावर हॉलमध्ये घेतलेल्या व्हिडिओत काळसर पट्टे सरकतात किंवा उजेड धडधडतो, ते यामुळे. २५ किंवा ५० चा वेग आणि शटर सेकंदाचा ५० वा किंवा १०० वा भाग, असं ठेवलं की प्रत्येक चित्रात दिव्याचे पूर्ण ठोके बसतात आणि पट्टे जातात. काही फोनमध्येही ‘पाल’ नावाचा किंवा २५ चा पर्याय असतो, तो शोधा.

तिसरं, स्लो मोशन. खरं स्लो मोशन हवं तर घेतानाच सेकंदाला १०० किंवा १२० चित्रं घ्यावी लागतात. शंभरने घेतलं आणि पंचवीसने दाखवलं की चौपट संथ. साध्या पंचवीसने घेतलेलं मागाहून संथ केलं तर मधली चित्रं आणणार कुठून? मग तीच ती चित्रं पुन्हा येतात, किंवा कॉम्प्युटर मनाने बनवतो आणि बोटं मेणासारखी वितळतात. फुलांची उधळण, ओढणीची झुळूक, एवढ्यापुरतं स्लो मोशन छान दिसतं. पण आमच्या नात्यातल्या एका लग्नात हौशी व्हिडिओवाल्याने निकाहसुद्धा १२० वर घेतला. चित्र सुंदर आलं. आवाज मात्र घेतलाच नव्हता, स्लो मोशनवर संगीत टाकायचं म्हणून. दुल्ह्याचे ओठ ‘कबूल’ म्हणताना दिसतात आणि ऐकू येते बासरी. ते ‘कबूल’ पुन्हा कुठून आणणार? म्हणून काझीसाहेबांसमोरचा प्रसंग साध्या वेगाने आणि आवाजासह, हे मी यादीत अधोरेखित केलं आहे.

चौथं, मूळ फाइली. व्हिडिओवाला गाणी टाकून, कापून, सजवून देतो ते ठीक. पण न कापलेलं मूळ चित्रण, ज्या वेगाने घेतलं त्याच वेगात, वेगळ्या हार्ड डिस्कवर मागून घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत ही प्रत नव्हे, ती फक्त बातमी समजा.

आणि पाचवं, जुन्या कॅसेट. त्या कपाटात उभ्या, कोरड्या जागी ठेवा. उतरवून घ्यायला देताना दुकानदाराला एवढंच विचारा, "पन्नास फील्ड राखणार ना? पंचवीसचे तीस करणार नाही ना?" त्याला प्रश्न कळला तर कॅसेट द्या. कळला नाही तर दुसरं दुकान बघा. आणि उतरवून झाली तरी कॅसेट फेकू नका.

ही यादी मी अम्मीला वाचून दाखवली. तिच्या हातात आता काठी असते, पायरी चढताना कोणाचा तरी खांदा लागतो. वेगाचे आकडे तिने ऐकून घेतले, मान हलवली आणि म्हणाली, "आणखी एक लिही. दुल्हनला भेटायला स्टेजपर्यंत मी स्वतः चालत जाणार आहे. तेवढं तरी स्लो करू नका म्हणावं. मी मुळातच स्लो आहे."

लिहिलं आहे. सहाव्या नंबरवर.